जालन्याच्या माळवदात क्लॅरोनेट: स्पूल टेपवर बँडवाल्यांचं रेकॉर्डिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावात जुन्या बँडपार्टीतले चार-पाच वादक उरलेत. त्यातले दोघं क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोनवर जॅझच्या अंगानं वाजवतात. घरात वडिलांचं स्पूल टेप डेक (उघड्या रिळांवर टेप फिरवणारं जुनं यंत्र) धूळ खात पडलंय आणि त्यावरच या मंडळींचं रेकॉर्डिंग करायचंय. तुमच्या वेळी लहानशा स्टुडिओत हे कसं करायचे, आणि माईक कोणता घेऊ?

माईकचं शेवटी सांगतो. या सगळ्यात सगळ्यात कमी महत्त्वाचं तेच आहे.

१९८४ पासून साधारण १२ वर्षं मी जालन्यात रेल्वेलाइनीच्या अलीकडं एक स्टुडिओ चालवला. स्टुडिओ म्हणजे पुढं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आणि मागं पाच खणांचं लांबट माळवद. लांबी २२ फूट, रुंदी ११. भिंती दगडमातीच्या, दोन हात जाड. वर सर (लाकडी तुळया), सरांवर किलच (बारीक लाकडी पट्ट्या), किलचावर पांढरी माती. ज्यांच्याकडं पत्र्याची खोली होती त्यांना पावसाळ्यात गल्ल्याला कुलूपच लावावं लागायचं, कारण पत्र्यावर सर आली की माईकला पाऊस सोडून काही ऐकू येत नाही. आणि बँडवाले मोकळे असतात ते नेमके पावसाळ्यातच. लग्नसराई संपली की गणपतीपर्यंत त्यांना सुपारी नाही. आषाढ-श्रावणात ते येऊन बसायचे, आणि माळवदात बाहेरच्या पावसाचा पत्तासुद्धा लागायचा नाही.

सुरुवातीला मी एक शहाणपणा केला होता. कुठंतरी वाचलं की स्टुडिओच्या भिंतींना आवाज शोषणारं काहीतरी लावतात. जालन्यात कापसाला काय तोटा? पिंजाऱ्याकडून रुई भरून गाद्या शिवून घेतल्या आणि चारी भिंतींना ठोकल्या. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तर क्लॅरोनेट वाकळ पांघरून वाजवल्यासारखा, आणि ढोल मात्र घूं घूं करत खोलीभर फिरतोय. पातळ गादी वरचे सूर खाते, खर्जाला हातही लावत नाही. ११ फूट रुंदीच्या खोलीत साधारण ५० हर्ट्झचा आवाज समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून बसतो. त्याला अडवायला दोन इंच रुई पुरत नाही. शेवटी निम्म्या गाद्या काढल्या, भिंती उघड्या केल्या आणि कोपऱ्यांत कापसाची गच्च भरलेली पोती छतापर्यंत रचली. मग कुठं ढोल माणसात आला. माळवदाचे सर, किलच, कोनाडे, खुंट्या यांच्यामुळं आवाज आपोआप तुकडे होऊन पसरतो. तुमच्याकडं अजून एखादी जुनी वाड्याची खोली शिल्लक असेल तर फोम विकत घेऊ नका. आधी तिथं टाळी वाजवून बघा.

आता जॅझचं. तुमच्या प्रश्नात तो शब्द वाचून मला हसू आलं, कारण आमच्याकडं तो शब्द एकाच माणसाच्या तोंडी होता, आणि तो माणूस सर्कशीतून परत आलेला होता. ट्रम्पेट वाजवायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एकदा आमच्या बँडमधल्या उस्तादांचा क्लॅरोनेट ऐकता ऐकता माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे जे उस्ताद वाजवायलेत ना, याला मुंबईच्या हाटेलात जाज म्हणतेत. इथं फुकट ऐकायलाव तुम्ही."

उस्तादांना ते कधी सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं नसतं. त्यांचं शिक्षण वरातीतलं. पण त्यांच्या पिढीच्या बँडवाल्यांच्या हातात ती झुळूक कुठून आली हे उघड आहे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतले गोव्याचे वादक दिवसा फिल्मी वाद्यवृंदात वाजवायचे. ताजमध्ये बँड चालवणारा चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतातला तो झोका गावोगावच्या बँडपार्ट्यांनी कानानं उचलला. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्मले पुणतांब्याला, म्हणजे मराठवाड्याच्या वेशीच्या पलीकडंच. त्यामुळं जालन्याच्या वरातीत जॅझ वाजला याचं नवल करू नका. तो वाजतच होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

आमच्याकडं चौघं कायमचे. क्लॅरोनेटवर उस्ताद, ट्रम्पेटवर मामा, सॅक्सोफोनवर राखीव पोलीस दलाच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदारकाका, आणि साइड ड्रमवर उस्तादांचा भाचा. ढोल-झांजेला जो सापडेल तो. हवालदारकाका नोटेशन वाचायचे. एकच धून दहा वेळा वाजवली तरी दहाही वेळा तंतोतंत तीच. उस्तादांना दोनदा सारखं वाजवणं माहीतच नव्हतं. मी म्हणायचो, कालचं जे मधलं होतं ते पुन्हा घ्या. ते म्हणायचे, "कल का कल गया मियाँ. आज का सुनो."

याचा टेपवर फार मोठा परिणाम होतो. साडेसात इंच दर सेकंदाला या वेगानं टेप फिरली की साडेसात इंच म्हणजे एक सेकंद. आम्ही गाणं अक्षरशः फुटपट्टीनं मोजायचो. चुकलेली जागा दाढीच्या ब्लेडनं ४५ अंशात तिरकी कापायची आणि दुसऱ्या टेकमधला (पुन्हा वाजवून घेतलेल्या रेकॉर्डिंगमधला) तुकडा चिकटवायचा. हवालदारकाकांच्या बाबतीत हे डोळे मिटून जमायचं. उस्तादांच्या बाबतीत एकाही टेकचा सांधा दुसऱ्याला लागला नाही. मग मी कात्री-ब्लेड बाजूला ठेवलं आणि ठरवलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक टेक घ्यायचा. आवडला तर ठेवायचा, नाहीतर सगळाच सोडायचा. १२०० फुटांचं ७ इंची रीळ त्या वेगानं ३२ मिनिटं चालतं. त्यात तीन टेक बसायचे. (जाता जाता: ब्लेडला चुंबकत्व आलेलं असेल तर सांध्यावर टक् असा आवाज येतो. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी चिकटपट्टीला शिव्या देत होतो.)

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र पुढच्या गोष्टीत आहे.

पहिल्या वर्षी मी चौघांना चार माईक दिले, मधे गोधड्या टांगल्या आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा पकडून मिक्सरवर जुळवायला बसलो. कागदावर बरोबर. ऐकायला मेलेलं. भाचा उस्तादांच्या खांद्याकडं बघून ठेका फिरवायचा, त्याला आता गोधडी दिसत होती. मामांना आपलं उत्तर कधी द्यायचं ते कळेना. तिसऱ्या टेकला उस्तादांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवला आणि विचारलं, "वरात में हम कैसे खडे रहते?"

मी म्हणालो, तुम्ही पुढं, ढोल मागं.

"तो वैसेइच खडा करो ना."

त्या दिवशी गोधड्या काढल्या. वरातीचा क्रम माळवदाच्या २२ फुटांत लावला. एका टोकाला छातीच्या उंचीवर दोन माईक जवळजवळ, नाकं एकमेकांपासून फिरवलेली. उस्ताद अडीच फुटांवर. हवालदारकाका बाजूला चार फुटांवर. मामा नऊ फुटांवर, ट्रम्पेटचं तोंड माईककडं नाही तर मातीच्या भिंतीकडं. भाचा चौदा फुटांवर, आणि ढोल पार दाराच्या चौकटीत, अर्धा आत अर्धा बाहेर. मिक्सरची सगळी बटणं एका रेषेत ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. मामांना पुढं यायचं असेल तेव्हा ते दोन पावलं पुढं यायचे. उस्ताद त्यांना जागा देऊन अर्धं पाऊल मागं सरायचे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं उतरतो, हे मी आयटीआयमध्ये शिकलो होतो. ही माणसं ते रस्त्यावर पायांनी करत होती, तीस वर्षांपासून. बँडचा वरातीतला क्रम हाच त्यांचा मिक्स होता, आणि मी तो मोडून पुन्हा बटणांनी उभा करायला निघालो होतो.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाचलं की अमेरिकेत १९२५ च्या आधी, विजेचा माईक यायच्या पूर्वी, सगळंच रेकॉर्डिंग असं चालायचं. एक मोठा कर्णा आणि त्याच्यासमोर कमी-जास्त अंतरावर माणसं. १९२३ साली इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा तरुण लुई आर्मस्ट्राँगला सगळ्यांच्या मागं लांब उभं केलं होतं असं सांगतात. त्याच्या कॉर्नेटपुढं (ट्रम्पेटसारखंच वाद्य) बाकीचे ऐकूच येईनात. तो स्टुडिओ रेल्वेरुळांच्या शेजारी होता आणि गाडी आली की काम थांबवावं लागायचं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गल्लीचा पत्ता छापून आल्यासारखं वाटलं. आमच्याकडं तेव्हा मीटरगेज होती. इंजिन शिट्टी मारायचं तेव्हा मातीच्या भिंतीतूनही ते टेपवर उतरायचं. गाड्यांचं वेळापत्रक भिंतीवर होतं, पण गाड्यांनी ते वाचलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वेगाची. ही तुमच्या डेकला लागू आहे की नाही ते तपासून घ्या.

एका रात्री साडेआठच्या सुमाराला उस्तादांचा एक फार सुंदर टेक मिळाला. काळी पाचमध्ये (म्हणजे बी फ्लॅटमध्ये) होता, कारण बी फ्लॅट क्लॅरोनेटला ती पट्टी घरची. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवाला आला, त्याची पेटी वर चढवायची होती. टेप लावली. पेटी काळी पाचवर, आणि क्लॅरोनेट काळी पाच आणि तिच्या पुढची पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळतोय. पेटीवाला माझ्याकडं बघतोय, मी पेटीकडं. उस्ताद आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ये मेरा सूर नै है." खरंच नव्हता.

डेकची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी होती. संध्याकाळी सगळीकडं भार वाढला की ५० हर्ट्झची वीज साडे-अठ्ठेचाळीसपर्यंत घसरायची. म्हणजे रात्री टेप तीन टक्के हळू फिरत होती. सकाळी भार उतरला, मोटर पूर्ण वेगानं धावली आणि सूर तीन टक्क्यांनी चढला. एक अर्धस्वर म्हणजे साधारण सहा टक्के, त्याचं बरोबर निम्मं. व्होल्टेज सांभाळायला स्टॅबिलायझर होता, पण स्टॅबिलायझर फ्रिक्वेन्सीला काही करत नाही. आणि ट्यूबलाइटखाली पट्ट्यांची चकती फिरवून वेग तपासायची युक्ती करावी, तर ट्यूबलाइटही त्याच विजेवर. ती चकती कायम 'सगळं ठीक आहे' असंच सांगणार! तेव्हापासून प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला ४४० हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा लोखंडी चिमटा) वाजवून घ्यायची सवय लावली. रीळ कधीही, कुठंही लावलं तरी त्या एका सुरावरून कळतं किती सरकलंय.

याची मला फार लाज वाटायची. मग कळलं की १९५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या स्टुडिओत माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' रेकॉर्ड होताना पहिल्या दिवशीचं मशीन किंचित हळू चाललं होतं. त्यामुळं पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे तीसहून जास्त वर्षं जगानं चढ्या सुरात ऐकले. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. जॅझमधली बहुधा सगळ्यात जास्त ऐकली गेलेली तबकडी! जालन्यात निदान उस्तादांनी दुसऱ्या दिवशीच पकडलं.

आता विजेची फ्रिक्वेन्सी पूर्वीसारखी घसरत नाही. पण तुमच्या वडिलांच्या डेकमधला रबरी रोलर कडक झालेला असणार आणि पट्टा सैल. वेग त्यानंच हलेल. दोन्ही बदला. हेड (टेपवर आवाज उतरवणारा आणि वाचणारा भाग), गाइड, टेप जिथून जिथून घासून जाते त्या सगळ्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीनं पुसा. डिमॅग्नेटायझर (हेडला आलेलं चुंबकत्व काढायचं साधन) वापरत असाल तर डेक बंद ठेवून, आणि डिमॅग्नेटायझर हेडपासून हातभर लांब असतानाच चालू आणि बंद करा. हेडजवळ बंद केलात तर काढायला गेलात ते चुंबकत्व दुपटीनं घालून याल. जुनी वाजवलेली रिळं फिरताना चिरकत असतील, हेडवर तपकिरी चिकट थर सोडत असतील, तर तिथंच थांबा. काही प्रकारच्या टेपचा लेपच कालांतरानं ओल धरून सुटतो. तो मोजक्या उष्णतेत तासन्‌तास सुकवावा लागतो आणि ते काम जाणत्याकडंच द्यावं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नको.

आवाजाच्या पातळीबद्दल एकच. मीटरचा काटा सुस्त असतो. त्याला पूर्ण चढायला तीनशे मिलिसेकंद लागतात आणि ट्रम्पेटचा फटका तोवर येऊन गेलेला असतो. काटा शून्याच्या तीन खाली दिसत असेल तर खरा आवाज केव्हाच शून्याच्या वर असतो. टेपवर ते चालतं, थोडं दाबलं जातं, साइड ड्रमला तर ते शोभतं. पण ट्रम्पेट आणि झांज एकदम आले की फाटतं, आणि ते फाटलेपण काही 'उबदार' वगैरे नसतं. हल्ली संगणकावर टेपची सरसर वरून टाकतात म्हणे. आम्ही ती सरसर घालवायला आयुष्य घातलं.

एक सांगायचं टाळत होतो. नवी रिळं मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायची आणि परवडायची नाहीत. एका वर्षी १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांच्या कॅसेटचं काम आलं, हातात कोरं रीळ नव्हतं. मामांचा अकरा मिनिटांचा टेक असलेलं रीळ मी त्या कामाला लावलं. त्या टेकमध्ये ते मधेच ट्रम्पेटच्या तोंडावर वाटी धरून वाजवले होते, स्टीलची वाटी, दुकानातल्या चहाच्या ट्रेमधली. मला वाटलं, माणूस गावातच आहे, पुन्हा वाजवून घेऊ. दिवाळीनंतर ते एका सर्कशीबरोबर गेले, नंतर दिसले नाहीत. जायच्या आधी दुकानात येऊन विचारलं होतं, "ती वाटीवाली टेप हाय ना नीट?" मी हो म्हणालो होतो.

म्हणून रीळ असो वा हार्ड डिस्क, कितीही महाग पडो, पुसू नका. टेप वाजवून झाली की उलटी गुंडाळायची नाही, शेवट बाहेर ठेवूनच डब्यात घालायची. टेपच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. शेवट बाहेर असेल तर तो मुख्यतः सुरांच्या मागून प्रतिध्वनीसारखा येतो आणि लपतो. नाहीतर उस्ताद वाजवायच्या आधीच उस्तादांचं भूत वाजतं.

माईक. कोणताही बरा डायनॅमिक माईक चालेल, गायकांच्या हातात असतो तसला. दोन घ्या. क्लॅरोनेटच्या खालच्या कर्ण्यासमोर धरू नका. क्लॅरोनेटचा आवाज बोटांखालच्या उघड्या भोकांतून येतो, खालून फक्त अगदी खर्जातले सूर येतात. मधल्या सांध्याकडं रोखा, दोन-अडीच फुटांवरून. सॅक्सोफोनचंही बरंचसं तसंच. ट्रम्पेटचा मात्र सगळा आवाज तोंडातूनच येतो आणि त्याचे धारदार सूर सरळ रेषेत जातात, त्या रेषेतून माईक बाजूला घ्या. रेकॉर्डिंग पहाटे करा. मे महिन्यात पंखा बंद करून बंद खोलीत वाजवलं तर रीड (वाद्याच्या तोंडाची वेताची पट्टी) वाळते आणि फुंकेची वाद्यं सुरात चढत जातात. पावसाळ्यात रीड फुगते, ते त्या मानानं सोसतं. आणि वादकांना आधी विचारा की वरातीत कोण कुठं उभं राहायचं. ते भांडतील. भांडू द्या, त्यातूनच क्रम ठरेल.

माझ्याकडं आता उस्तादांची तीनच रिळं उरलीत. गेल्या वर्षी पुतण्यानं ती संगणकावर उतरवली आणि मला ऐकवताना म्हणाला, काका, सुरुवातीची चाळीस सेकंदं रिकामी आहेत, कापून टाकली. मी परत लावायला सांगितली. तुम्हीही कापू नका. त्या चाळीस सेकंदांत आधी ट्यूनिंग फोर्क वाजतो. मग लांब मालगाडी जाते, तिचे डबे मोजता येतात. भाचा काठ्या एकमेकींवर घासतो, कुणीतरी खोकतं. आणि अगदी माईकजवळ, कुजबुजल्यासारखा उस्तादांचा आवाज: "गई क्या?"

मी म्हणतो, "गेली."